वीस खोल्या बांधायच्या आधी

ताई, नमस्कार.

आमचं गाव पनवेल तालुक्यात, नैनाच्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्राच्या, हद्दीत. आम्ही आगरी. एका शिक्षणसंस्थेची माणसं गेले चार महिने गावात येऊन बसतात. चाळीस एकरांवर खासगी विद्यापीठ काढायचं म्हणतात. आम्हा दोघा भावांची साडेतीन एकर त्यात जाते. धाकटा साठेकरारावर, म्हणजे जमीन विकायच्या आगाऊ करारावर, सही करायला निघालाय. सरपंच म्हणतात, विद्यापीठ आलं की गावाचं सोनं होईल, पोरांना नोकऱ्या, घराघरात भाडं, पुढे हॉस्पिटल. म्हातारी माणसं म्हणतात, सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या त्या वेळेलाही असंच बोलले होते.

माझ्या मनात असं आहे की जमीन द्यावी, आलेल्या पैशात थोडं कर्ज घालावं आणि गावठाणाबाहेर माझा जो तुकडा उरतो त्यात वीस खोल्या काढाव्यात. मुलं भाड्याने राहतील, बायको मेस चालवेल. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. संस्थेला ना हरकत द्यायची का, हा विषय. मी पंचायतीचा सदस्य आहे. उठून काय बोलू?
एक वाचक, पनवेल

(खाली, मुलीच्या अक्षरात) ता. क. मी बारावी सायन्सला आहे. जमीन दिली तर मला तिथे फुकट शिकायला मिळेल असं बाबा म्हणतात. हे खरं आहे का?

दादा,

सरपंचांचं ते 'सोनं होईल' मी परकर-पोलक्यात असताना ओसरीवर बसून ऐकलंय. माझं माहेर नेरूळच्या बाजूच्या एका गावठाणातलं. १९७० साली सिडको आली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं तिच्या नकाशात गेली. आमचं भात गेलं, मिठागर गेलं, आणि काही वर्षांनी गावाच्या पाठीला एक कॉलेज उभं राहिलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. आज तिथे इतकी आहेत की रिक्षावाल्याला नुसतं 'कॉलेजजवळ' म्हटलं तर तो विचारतो, कुठल्या?

म्हणून काय झालं ते तेवढं सांगते.

आईने मेस काढली. सुरुवातीला सात मुलं, नंतर तीस. घरात रोज रोकड येऊ लागली आणि ती आईच्या डब्यात, बाबांच्या खिशात नाही. आमच्या घरातला हा फार मोठा बदल होता. बाकी गंमतीही झाल्या. आईने हौसेने सुक्या बोंबलाचं कालवण केलं तर वरच्या मजल्यावरच्या मुलांनी वासाची तक्रार केली. आई म्हणाली, माझ्या घरात माझ्याच बोंबलाला बंदी? पण दुसऱ्या दिवसापासून बोंबील रविवारपुरता उरला. परीक्षा संपली की उधारीवाली दोन-चार पोरं ट्रंक उचलून रात्रीत पसार व्हायची, ती गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे बस. याला कोणी विकास म्हणत नाही, पण मी म्हणते. कॉलेज आलं म्हणून बसचा थांबा आला, थांबा आला म्हणून दहावीनंतर घरी बसलेल्या पाच-सहा मुलींना त्यांच्या बापांनी 'जा, पण सहाच्या बसने परत ये' म्हणून सोडलं. त्या त्याच कॉलेजात गेल्या नाहीत हो, तिथली फी कुठली परवडणार! त्या बसने दुसरीकडच्या अनुदानित कॉलेजात गेल्या. मीही त्यांतलीच.

आता दुसरी बाजू. माझा चुलतभाऊ त्या पहिल्या कॉलेजात माळी म्हणून लागला. 'स्थानिकांना प्राधान्य' हा शब्द होता. त्याची नोकरी कॉलेजची नव्हती, ठेकेदाराची होती. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलायचा आणि माझा भाऊ पुन्हा नवा व्हायचा, पगार पुन्हा पहिल्या पायरीवर. ज्या वाफ्यात तो गुलाब लावायचा, तिथे त्याच्या बापाचं खळं होतं. त्याचा मुलगा त्या गेटच्या आत विद्यार्थी म्हणून गेला नाही. सिक्युरिटीचा गणवेश घालून गेला. सिक्युरिटीचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण वीस वर्षं शेजारी विद्यापीठ असून एका घराची दुसरी पिढीही गेटवरच थांबत असेल, तर त्या गावाला विद्यापीठाचा शेजार मिळाला, विद्यापीठ नाही.

याच्या उलट एक सांगते. माझ्या मामाचं शेत पनवेलकडे खारीत. बांध फुटला की खाडीचं पाणी आत यायचं आणि पुढची दोन वर्षं जमीन मिठाने मेलेली. तिथे रत्याशिवाय, त्या जाड तांबड्या भाताशिवाय, काही उभं राहायचं नाही. मग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, पनवेल-१, पनवेल-२ वगैरे. कर्जतच्या केंद्रातून कर्जत-३, कर्जत-१८४ आल्या, त्या तुमच्याही शिवारात कोणी ना कोणी लावल्या असतील. १९७२ साली स्थापन झालेलं, कुठे त्या दापोलीत बसलेलं विद्यापीठ. मामाने त्याचं गेट जन्मात पाहिलं नाही. पण त्याच्या कणगीत ते पोचलं. आणि आमच्या भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या कॉलेजाने गावाच्या गटाराचं पाणी कुठे जातं हेसुद्धा कधी विचारलं नाही.

तेव्हा ग्रामसभेत 'विद्यापीठ हवं की नको' यावर भांडू नका. ते काय शिकवणार, कोणाला शिकवणार आणि गावाशी कशाने बांधलेलं राहणार, यावर भांडा. आणि ते आत्ताच. ना हरकतीवर शिक्का बसला आणि सातबारा फिरला की तुमचं ऐकून घ्यायचं कोणाला कारण उरत नाही. आपल्या लोकांना साडेबारा टक्के, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड, कसे मिळाले ते आठवा. जमिनी गेल्यानंतर, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरून, जानेवारी १९८४ मध्ये पाच माणसं गोळीबारात गमावून, आणि त्यानंतरही कागद हलायला वर्षं गेली. तुमच्या हातात अजून जमीन आहे. तुम्ही खुर्चीवर बसून मागू शकता.

सगळ्यात आधी संस्थेच्या माणसांना एकच विचारा. विद्यापीठाचा कायदा झालाय का? आपल्या राज्यात ट्रस्टने बोर्ड लावला म्हणून खासगी विद्यापीठ होत नाही. त्याला राज्याच्या कायद्याचा आधार लागतो, मग यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत नाव लागतं. त्यातलं काहीच हातात नसेल तर आज तुमच्या गावात विद्यापीठ येत नाहीये, चाळीस एकर जमिनीची खरेदी येतेय. विमानतळ झाला, जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं दिली गेली, परदेशी विद्यापीठं एका जागी आणायच्या एज्युसिटीचं नाव रोज पेपरात. अशा वेळी 'शिक्षण' म्हटलं की शेतकरी भावात थोडा नमतो, चांगल्या कामाला जातेय म्हणतो. उद्या तिथे टाउनशिप उभी राहिली तर कोणाकडे जाणार? म्हणून अमुक वर्षांत विद्यापीठ सुरू झालं नाही तर काय, हे करारात आलंच पाहिजे.

मग गावाच्या मागण्या. मी यादी देत नाही, तुमचं गाव तुम्हाला ठाऊक. पण दोन-तीन गोष्टी लोकांच्या ध्यानात येत नाहीत, त्या सांगते.

कंपाउंडची भिंत. नकाशावर चाळीस एकर चौकोनी दिसतात, पण त्यातून कोणाची तरी स्मशानाची वाट जाते, कोणाची शेतावरची बैलगाडीची वहिवाट जाते. भिंत पडली की दोन किलोमीटरचा वळसा. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपली माणसं सहा महिने 'बोलू, बघू' करतात आणि सातव्या महिन्यात वकील शोधतात. त्यापेक्षा आत्ताच सगळ्या वाटा नकाशावर काढून त्यावर संस्थेची सही घ्या.

भराव. ते जमीन उंच करणार, कारण त्यांना पावसात पाणी नको. मग ते पाणी कुठे जाणार? तुमच्या गावठाणात. आमच्या माहेरच्या घराला पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचो, आता एक उतरून जातो. घर खचलेलं नाही, चारी बाजूंनी जग उंच झालंय. नाल्याची रुंदी, त्याचा उतार, भरावाची उंची हे ना हरकतीच्या ठरावातच लिहा. पिण्याच्या पाण्याचंही तेच. दोन हजार मुलांच्या वसतिगृहाला बोअर मारल्या तर एप्रिलमध्ये तुमच्या विहिरीचं काय, हे आजच विचारा.

नोकऱ्या. 'स्थानिकांना प्राधान्य' हे वाक्य ठरावात दिसलं तर खोडा. त्याऐवजी लिहा की इतक्या जागा थेट संस्थेच्या पगारपत्रकावर, ठेकेदारामार्फत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, गावातल्या दरवर्षी इतक्या मुलामुलींची पूर्ण फी माफ, वसतिगृहासकट. संस्था म्हणेल बघू. तुम्ही म्हणा, बघून या, मग ग्रामसभा घेऊ.

तुमच्याकडे आणखी एक नाडी आहे, ती सरपंचांनाही बहुधा माहीत नसेल. विद्यापीठाला गाव लागतं. कॉलेजं-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात समाजात जाऊन केलेल्या विस्तारकार्याला गुण असतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे, तिचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात घ्यावं लागतं. २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात भाग घेणाऱ्या संस्थेने किमान पाच गावं निवडायची असतात. या सगळ्याचे फोटो, अहवाल आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं पत्र लागतं. आमच्याकडे काय व्हायचं? डिसेंबरात पोरं यायची, झाडू मारायची, पथनाट्य करायची, समारोपाला नारळ-शाल, सरपंच पत्र द्यायचे. पुढच्या डिसेंबरात तेच. मुलं गोड होती, तक्रार नाही. पण गावाने कधी म्हटलं नाही की बाबांनो, झाडू आमच्याकडेही आहे. सिव्हिलच्या पोरांकडून नाल्याची मोजणी करून द्या. कॉमर्सच्या पोरांनो, बचत गटाचे हिशेब बसवा, आमच्या दहावीच्या मुलांना वर्षभर शनिवारी गणित शिकवा. असं काम झालं तरच पत्र द्यायचं. शिक्का फुकट मारू नका, एवढंच.

हॉस्पिटलचं म्हणाल तर ते 'पुढे' आहे, आणि 'पुढे'चा हिशेब मी करत नाही. झालंच, आणि ते धर्मादाय ट्रस्टचं असलं, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्याला उपकार समजायचं कारण नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तेवढा तयार ठेवायचा.

आता तुमच्या घरातलं. इथे थोडी कडू बोलेन.

पत्रात 'आम्हा दोघा भावांची' लिहिलंय. बहीण नाही का? आपल्याकडे बहीण नसलेलं घर मी क्वचितच पाहिलंय. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव असो वा नसो. नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरून किती भाऊ-बहिणी कोर्टाच्या पायऱ्यांवर एकमेकांकडे पाठ करून बसल्यात, ते मला विचारा. भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचे दिवस गेले, आणि ते चांगले नव्हतेच.

धाकट्याला सांगा, साठेकरार वकिलाला दाखवल्याशिवाय नाही, आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, तर कोणालाच नाही. नैनात सिडको २०१३ पासून नियोजन प्राधिकरण आहे. तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या नगररचना परियोजनेत, म्हणजे टीपीएसमध्ये, येतो ते आधी काढा. तिथे मालकाला मूळ जमिनीच्या ४० टक्के अंतिम भूखंड मिळतो, तो विकसित असतो. संस्था तुम्हाला भाव देतेय तो आजच्या भातशेतीचा की उद्याच्या त्या भूखंडाचा? गुंठ्याच्या आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि हेही लक्षात ठेवा, सरकारने संपादन केलं तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो. संस्थेला स्वखुशीने खरेदीखत करून दिलंत तर तुम्ही प्रकल्पग्रस्त नाही, फक्त विक्रेते. विकायचीच झाली तर सगळी विकू नका. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारा कोरा झाला की उद्या कर्जतला दोन एकर घ्यायला गेलात तर 'शेतकरी असल्याचा पुरावा आणा' म्हणतील, आणि तुम्ही, सात पिढ्यांचे शेतकरी, तो शोधत बसाल. माझी विचाराल तर भाडेपट्ट्याचं बोलून बघा. ते बहुधा नाही म्हणतील. पण का नाही म्हणतात ते ऐका, त्यातून बरंच कळेल.

वीस खोल्या. दादा, नको. निदान आत्ता नको. आज सही झाली तरी परवानग्या, बांधकाम, मान्यता यांत वर्षं जातात, आणि सुरू झालं की पहिल्या वर्षी एकच तुकडी असते. पूर्ण भरायला आणखी तीन-चार वर्षं. तोवर हप्ता कोण भरणार? त्यात तुकडा गावठाणाबाहेरचा. बिनशेती नाही, मंजूर नकाशा नाही, मग बँक कर्ज देणार नाही. तुम्ही पतपेढीकडे नाहीतर सावकाराकडे जाल, आणि एक दिवस अतिक्रमणवाले येतील. खासगी संस्था बऱ्याचदा पहिल्या वर्षाच्या मुलांना आपल्याच वसतिगृहात राहायला लावतात, कारण तिथेच त्यांची कमाई असते. मे-जूनमध्ये खोल्या रिकाम्या. आणि २०२० मध्ये मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा माझ्या भावाच्या बारा खोल्यांतली मुलं गाद्या टाकून गेली. गाद्या परत न्यायला आली तेव्हा पुढच्या वर्षाची दिवाळी झाली होती. पतपेढीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येत राहिला. वहिनीने पाटल्या मोडल्या.

विद्यापीठ खरंच उभं राहिलं तर राहत्या घरावर, गावठाणात, परवानगीने चार खोल्या काढा. भरल्या की पुढच्या. मेस मात्र वहिनींना जरूर करू द्या, ती जमीन न विकताही होते. बांधकाम सुरू झालं की मुलांच्या आधी इंजिनीअर, सुपरवायझर, गवंडी येतात. भुकेली माणसं तीच. अन्न परवान्याची नोंदणी वहिनींच्या नावावर, बँकेचं खातंही त्यांच्याच. आणि उधारीची वही पहिल्या दिवसापासून.

राहिली ता. क.वाली.

बाळ, बाबा प्रेमाने म्हणतात, पण तसं कागदावर लिहून मिळालेलं नाही. जमीन दिली म्हणून फी आपोआप माफ होत नाही. वर मी बाबांना जे मागायला सांगितलंय ते मिळालं तरी त्या विद्यापीठाची पहिली तुकडी बसेपर्यंत तू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असशील, दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजात. म्हणून तुझा रस्ता या चाळीस एकरांवरून जात नाही. आणखी एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे दारातल्या विद्यापीठात तुला पैसे भरावे लागतील आणि लांबच्या सरकारमान्य कॉलेजात कदाचित नाही. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, सार्वजनिक आहे, तेही फॉर्ममध्ये भर.

सीईटीचा अभ्यास चालू असेलच. जात पडताळणीचा अर्ज केलास का? नसेल तर या आठवड्यात कर, जून-जुलैत तिथल्या रांगा बघवत नाहीत. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल लागेल, नाहीतर जुना महसुली पुरावा. तो कुठे असतो माहितीये? आत्याला विचार. आमच्याकडे तरी जुनी कागदपत्रं लग्न होऊन गेलेल्या मुलींनीच जपून ठेवली होती. बाबा तिला जमिनीबद्दल फोन करणारच आहेत, तेव्हा त्याच फोनवर विचारून घे.